विस्कटलेली अक्षरे आणि शब्दांची पारख

माळव्यातील एका मराठी मंडळाने काही वर्षांपूर्वी लहान मुलांसाठी शब्दजुळणीची स्पर्धा ठेवली होती. एखाद्या शब्दाची अक्षरे मागेपुढे करून द्यावयाची आणि मुलांनी ती जुळवून मूळ शब्द लिहावयाचा, असे तिचे स्वरूप होते. प्रश्न काढण्याचे व गुण देण्याचे काम आमच्याकडे होते. अगदी पहिल्या, सर्वांत सोप्या प्रश्नात आम्ही 'ग, रा' अशी दोन अक्षरे दिली होती. अपेक्षित उत्तर 'राग'. एका मुलीने ही अक्षरे जशीच्या तशी उतरून काढली व पुढच्या प्रश्नाकडे वळली. तिला प्रश्नच कळला नाही असे समजून आम्ही शून्य गुण दिला. कागद परत मिळाल्यावर ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, "गुरुजी, हा शब्द विस्कटलेला नव्हताच. हा गरा. फणसातला." तिच्या आईचे माहेर गोव्याचे होते.

फणसाचे गरे आम्हीही खाल्ले होते; परंतु त्यांचे एकवचन प्रश्न काढताना आम्हांस सुचले नाही. आमच्या मनात 'राग' हा शब्द आधी होता, म्हणून 'गरा' ही आमच्या दृष्टीने केवळ त्याची मोडतोड होती. मुलीच्या मनात गरा आधी होता. ह्या एका गुणाने आम्हांस जो विचार करावयास लावला, तोच येथे मांडावयाचा आहे. अक्षरे विस्कटावयाची म्हणजे नेमके काय विस्कटावयाचे, ती पुन्हा जुळवताना शोध कोणत्या वाटेने करावा, आणि सापडलेल्या शब्दांपैकी ग्राह्य कोणते मानावेत, असे तीन प्रश्न त्यात आहेत.

ही क्रीडा आपल्याकडे नवी नाही. वात्स्यायनाच्या कामसूत्रात चौसष्ट कलांची जी यादी आहे, तीत प्रहेलिका, प्रतिमाला, अक्षरमुष्टिकाकथन आणि म्लेच्छितविकल्प ह्या कलांची नावे येतात. त्यांतील म्लेच्छितविकल्पाचा अर्थ सांगताना जयमंगला टीकेचा कर्ता यशोधर म्हणतो की, रचना शुद्ध शब्दांचीच असावी, परंतु अक्षरांच्या अदलाबदलीने तिचा अर्थ झाकलेला असावा. आजच्या विस्कटलेल्या अक्षरांच्या खेळाचे हे वर्णनच होय. बाणभट्टाने कादंबरीत शूद्रक राजाच्या करमणुकी सांगताना अक्षरच्युतक, मात्राच्युतक, बिंदुमती व प्रहेलिका ह्यांचा उल्लेख केला आहे.

ह्या विद्येतील एक विलक्षण ग्रंथ तर गोदावरीकाठच्या पार्थपुरात, म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्यातील पाथरीस राहणाऱ्या घराण्यात जन्मास आला. ज्योतिषी ज्ञानराज ह्यांचे पुत्र सूर्यपंडित हे सोळाव्या शतकातले. त्यांच्या रामकृष्णविलोमकाव्यात चरण सरळ वाचला की रामाची कथा येते आणि अक्षरे उलट क्रमाने वाचत गेले की कृष्णाची. ह्याच सूर्यपंडितांनी भास्कराचार्यांच्या लीलावतीवर टीकाही लिहिली. काव्य आणि गणित ह्यांचा हा संयोग योगायोगाचा नसावा असे आम्हांस वाटते. त्याचे कारण पुढे लीलावतीचा विषय निघेल तेथे दिसेल.

अक्षर की वर्ण?

इंग्रजी शब्द विस्कटणे सोपे आहे. तेथे सव्वीस वर्ण ओळीने मांडलेले असतात, ते सुटे करावयाचे आणि पुन्हा मांडावयाचे. अमेरिकेतील आल्फ्रेड बट्स ह्या वास्तुशिल्पज्ञाने १९३० नंतरच्या मंदीच्या काळात जो खेळ रचला आणि जो १९४८ पासून 'स्क्रॅबल' ह्या नावाने प्रसिद्ध झाला, त्याचा पाया हाच आहे. कोणता वर्ण किती वेळा येतो हे बट्स ह्यांनी वर्तमानपत्रांची पाने मोजून ठरविले. इंग्रजी संचातील १०० सोंगट्यांत 'ई'च्या १२, तर 'क्यू'ची एकच आणि तिला १० गुण, ही वाटणी त्या मोजणीतून आली.

मराठीत हाच खेळ उतरविताना पहिलीच अडचण येते. 'राम' ह्या शब्दात अक्षरे दोन आहेत, रा आणि म. परंतु वर्ण चार आहेत, र्, आ, म्, अ. अक्षरे उलटली तर 'मरा' होते. वाल्या कोळ्याच्या कथेत 'मरा मरा' म्हणता म्हणता 'राम राम' होते, ते ह्याच हिशेबाने. वर्ण सुटे केले तर मात्र त्याच चारांतून राम, रमा, मार, मरा आणि आम्र असे पाच शब्द निघतात. पहिल्या पद्धतीत मांडण्या दोन, दुसरीत चोवीस.

तिसरी एक पद्धत आता यंत्राने आणली आहे. संगणकात देवनागरी साठविताना 'रा' हे एक अक्षर म्हणून न साठविता आधी र आणि मागून काना असे दोन संकेत साठविले जातात. इंग्रजीसाठी केलेल्या एखाद्या साध्या आज्ञावलीस 'राम' उलटा करावयास सांगितले, तर ती काना मधल्यामध्ये ठेवून म आणि र ह्यांची जागा बदलते आणि 'मार' असे उत्तर देते. ही आज्ञावली अक्षरेही मानीत नाही आणि वर्णही मानीत नाही; काना, मात्रा, वेलांटी ह्यांस ती स्वतंत्र सोंगटी समजते. यंत्राकडून आयते विस्कटलेले शब्द घेऊन मुलांपुढे ठेवणाऱ्या शिक्षकांनी म्हणूनच सावध असावे. सुटी वेलांटी किंवा सुटा रफार हातात आल्यावर मुलाने त्याचे काय करावे?

आमच्या मते मराठीत विस्कटण्याचे एकक अक्षर हेच असावे. मराठी शब्दकोड्यांच्या चौकोनांत आपण हीच रीत पाळतो. एका घरात एक अक्षर, मग ते साधे असो, काना-मात्रेसह असो, वा जोडाक्षर असो. कान आणि तोंडही हेच मानतात. मुलास 'पुस्तक' शब्द तोडून म्हणावयास सांगा. तो पु-स्त-क असेच म्हणेल.

ह्या रीतीची एक मर्यादा मान्य केली पाहिजे. क ते ळ अशी चौतीस व्यंजने आणि बाराखडीचे बारा स्वर धरले तरी ४०८ अक्षरे होतात, आणि त्यांत जोडाक्षरे आलेलीच नाहीत. इतक्या सोंगट्यांचा संच करून कोणी पटावर खेळू शकणार नाही. पटावरच्या खेळासाठी व्यंजने व स्वरचिन्हे वेगळी ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. वर्गातील किंवा मासिकातील कोड्यात मात्र ही अडचण नाही. तेथे ठरलेल्या शब्दाच्या चिठ्ठ्या कापल्या की काम भागते.

मांडण्या किती?

आता शोधाकडे वळू. भास्कराचार्यांनी लीलावतीच्या शेवटी अंकपाश नावाचे प्रकरण घातले आहे. ग्रंथाचा काळ इ. स. ११५० च्या सुमाराचा. वेगवेगळ्या वस्तू जितक्या असतील तितक्यापर्यंतच्या एक, दोन, तीन अशा संख्यांचा गुणाकार केला की मांडण्यांची संख्या मिळते, हा त्यातील मूळ नियम. त्यांचे उदाहरण मोठे रम्य आहे. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म अदलून बदलून दिले तर मूर्तीचे २४ भेद होतात. आणि शंकराच्या दहा हातांत दहा आयुधे तशीच दिली तर ३६,२८,८००.

अक्षरांसही हाच नियम लागू आहे. दोन अक्षरांच्या मांडण्या २, तिहींच्या ६, चारांच्या २४, पाचांच्या १२०, सहांच्या ७२०. वस्तू पुन्हा पुन्हा आल्या असतील तर काय, हेही भास्कराचार्यांनी सांगितले आहे. २, २, १, १ ह्या अंकांच्या मांडण्या २४ न होता ६ च होतात. आता अंकांच्या जागी क, क, ट, ट घाला. ककटट, कटकट, कटटक, टककट, टकटक, टटकक अशा सहाच मांडण्या होतील, आणि त्यांत 'कटकट' व 'टकटक' असे दोन मराठी शब्द मिळतील. सूर्यपंडितांसारखा विद्वान लीलावती आणि विलोमकाव्य ह्या दोहोंत रमला, ह्याचे नवल वाटावयास नको. अक्षरे मांडणे हेही एक गणितच आहे.

ह्या संख्यांवरून शिक्षकांनी एक बोध घ्यावा. तीन अक्षरांपर्यंत सर्व मांडण्या कागदावर लिहून पाहणे मुलास शक्य आहे, आणि आरंभी तेच करावयास लावणे चांगले. चार अक्षरांपुढे केवळ मांडण्या लिहीत बसणे हा शोध नव्हे. तेथे भाषेच्या घडणीचे ज्ञान उपयोगी आणावे लागते.

शोधाच्या खुणा

पहिली खूण आरंभाची. ळ ने आरंभ होणारा रूढ शब्द मराठीत नाही. जैनांचा णमोकार सोडला तर ण ची गोष्टही तीच. च्च, ट्ट, त्त, ल्ल अशी जोड-दुहेरी अक्षरेही आरंभी येत नाहीत. चिठ्ठ्यांत ह्यांपैकी एखादे अक्षर दिसले की ते पहिल्या जागेवरून काढून टाकावे.

दुसरी खूण सुट्या स्वरांची. अ, आ, इ हे स्वर पूर्णरूपात दिसले तर ते बहुधा शब्दाच्या आरंभी असतात. ई आणि ऊ मात्र मध्ये किंवा शेवटी येऊ शकतात, आणि तेव्हा त्यांच्या मागे बहुधा दुसरे स्वरयुक्त अक्षर असते: पाऊस, भाऊ, आई, जाई. 'ऊ, ळ, दे' ही अक्षरे मिळाली तर ळ पहिला नाही, ऊ च्या मागे दे असणे संभवनीय, आणि 'देऊळ' हाती येते.

तिसरी खूण ऱ्हस्व-दीर्घाची. मराठी साहित्य महामंडळाचे जे लेखनविषयक नियम इ. स. १९६२ मध्ये शासनमान्य झाले, त्यांनुसार शब्दाच्या अंती येणारा इकार किंवा उकार दीर्घ लिहावयाचा असतो. 'आणि' हे अव्यय, 'परंतु' सारखी तत्सम अव्यये व अन्य थोडे अपवाद वेगळे. म्हणजे चिठ्ठीवर 'वि' असे ऱ्हस्व अक्षर असेल तर ते शेवटी येणार नाही. 'ता, वि, क' ह्यांच्या सहा मांडण्यांपैकी दोन ह्या एकाच नियमाने गळतात. उरलेल्या चार म्हणजे विकता, विताक, कविता, ताविक. त्यांत 'कविता' तर आहेच. पण 'तुम्ही भाजी विकता' मधील 'विकता' हेही आहे. त्याचा विचार पुढे करू.

ह्या नियमांनी कोड्यांची उत्तरेही बदलली आहेत, हे जुने अंक चाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. पूर्वी 'कपि', 'रवि', 'रति' असे लिहीत. तेव्हा 'क, पी' ह्यांतून 'पीक' एवढेच निघे. आज 'पीक' आणि 'कपी' दोन्ही निघतात. तसेच 'वीर' आणि 'रवी', 'तीर' आणि 'रती'. जे विद्यार्थी ऱ्हस्व-दीर्घाच्या नियमांचा कंटाळा करतात, त्यांच्या हाती ह्या चिठ्ठ्या द्याव्यात. नियम पाळला नाही तर शब्द जुळत नाही, हे त्यांस न सांगता समजते.

चौथी खूण शब्दाच्या घटकांची. 'पणा', 'दार', 'खोर', 'त्व' असे प्रत्यय, किंवा 'घर', 'पत्र', 'काम' असे समासात वारंवार येणारे शब्द, चिठ्ठ्यांत दिसतात काय ते पाहावे. समजा, 'क, ळा, प, वे, त्र' ही पाच अक्षरे आहेत. मांडण्या १२०. ळा पहिले येणार नाही, म्हणून २४ गेल्या, ९६ उरल्या. 'पत्रक' हा परिचित घटक डोळ्यांस दिसला, तो एकत्र बांधला. आता वे, ळा आणि पत्रक अशा तीनच वस्तू राहिल्या. त्यांच्या सहा मांडण्यांपैकी ळा आरंभी असलेल्या दोन वगळल्या की चार उरतात. चारांतून 'वेळापत्रक' ओळखावयास मुलास क्षणही लागत नाही. एकशे वीसांवरून चारांवर आणणारे हे ज्ञान व्याकरणाचे आहे. फक्त ते येथे पाठांतराच्या रूपाने येत नाही.

उत्तर एकच असते काय?

येथपर्यंत खेळ निर्वेध चालतो. खरा प्रश्न गुण देताना उभा राहतो. तीन साधी अक्षरे घ्या: क, म, र. सहा मांडण्यांपैकी मकर, रकम आणि कमर हे तीन शब्द सर्वांच्या परिचयाचे आहेत. मकर संस्कृतातून आला, रकम अरबीतून, कमर फारसीतून. क, ल, म ह्यांतून कमल हा संस्कृत आणि कलम हा अरबी शब्द निघतो. र, स, द ह्यांतून रसद व सदर हे दरबारी भाषेतून आलेले दोन शब्द मिळतात. न, व, स ह्यांतून नवस, वसन आणि यज्ञातील सवन. मराठीची घडण कोणकोणत्या धाग्यांची आहे हे सांगावयास शिक्षकास एक तास लागेल. ह्या चार-पाच चिठ्ठ्या ते मुलांच्या हातून बाहेर काढतात.

परंतु उत्तरपत्रिकेत 'रकम' एवढेच छापले असेल आणि मुलाने 'मकर' लिहिले, तर घाईत असलेला परीक्षक त्यावर फुली मारतो. येथे आमच्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या वसलेल्या मंडळींस विशेष विचार करणे प्राप्त आहे. इंदूर-ग्वाल्हेरचे मूल बाहेर हिंदी ऐकते, बडोद्याचे गुजराती, बेळगावचे कन्नड, हैदराबादचे तेलुगू व उर्दू. त्याची मराठी पुष्कळदा घरातच घडते. स्वयंपाकघरात, देवघरात, आजीच्या बोलण्यात. म्हणून 'र, सा' दिले की त्यास 'सार' सुचेल किंवा 'रसा' सुचेल. 'त, वा' म्हटल्यावर 'वात' किंवा 'तवा'. 'म, का' म्हटल्यावर 'काम' किंवा 'मका'. 'ख, रा' म्हटल्यावर 'खरा' किंवा 'राख'. ह्यांपैकी कोणता शब्द आधी सुचतो ते त्या घराच्या वहिवाटीवर अवलंबून आहे. परीक्षकाच्या वहिवाटीवर ते मुळीच अवलंबून नाही.

'हा शब्द आमच्याकडे नाही' हे कारण तर अगदीच लंगडे आहे. मोल्सवर्थच्या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची व दुसरी १८५७ ची; दाते-कर्वे ह्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ ह्या काळात सात विभागांत निघाला आणि १९५० मध्ये त्याची पुरवणी आली. ह्या कोशकारांनी निरनिराळ्या प्रांतांतले शब्द टाकून न देता संग्रहास घेतले. ज्यांनी आयुष्य ह्या कामास वाहिले त्यांनी जे दार उघडे ठेवले, ते दोन घटकांच्या स्पर्धेसाठी आपण बंद करणे शोभत नाही.

ह्याचा अर्थ काहीही चालवून घ्यावे असा नव्हे. गुणांस मर्यादा हवी, आणि ती स्पर्धेपूर्वी सांगितलेली हवी. आम्ही आता पुढील रीत पाळतो. प्रश्न काढणाऱ्याने तीन अक्षरांपर्यंतच्या सर्व मांडण्या स्वतः लिहून पाहाव्यात व निघणारे सर्व शब्द उत्तरपत्रिकेत नोंदवावेत. चिठ्ठ्या ज्या क्रमाने छापल्या आहेत तो क्रमच एखादा शब्द होत नाही ना, हे पाहावे. 'विकता' सारखी क्रियापदांची रूपे, विभक्तीची रूपे आणि विशेषनामे मान्य आहेत की नाहीत, हे आरंभीच जाहीर करावे. लहान वर्गांत ती मान्य करावीत, वरच्या वर्गांत वगळावीत असा आमचा अनुभव आहे. ऱ्हस्व-दीर्घात सूट देऊ नये, कारण चिठ्ठीवरचे अक्षर बदलणे म्हणजे दुसरीच चिठ्ठी घेणे होय. परीक्षकाच्या टेबलावर मोठा कोश असावा. आणि कोशात न सापडलेला शब्द मुलाने लिहिला असेल तर त्यास बोलावून अर्थ विचारावा व त्या शब्दाचे एक वाक्य करावयास सांगावे. अर्थ आणि वाक्य दोन्ही जुळली, व घरी तो शब्द चालतो असे कळले, तर गुण द्यावा आणि शब्द वहीत टिपून ठेवावा.

अशी वही आम्ही त्या स्पर्धेपासून ठेवली आहे. तिच्या पहिल्या ओळीत 'गरा' हा शब्द आहे. तो कोशात आहे हे आम्ही त्याच रात्री पाहिले आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या कागदावरील शून्य खोडून गुण लिहिला. पण तोवर बक्षिसे वाटून झाली होती.